म्हातारबा आणि लाडोबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा थर्मास आहे. चहा असेल म्हणून झाकण उघडाल, तर निराश व्हाल. माझी नोकरी ऑपरेशनच्या खोलीत आहे आणि माझ्यात फक्त निर्जंतुक गरम पाणी असते.

आमच्याकडे पोटाला छोटी भोके पाडून, आत दुर्बीण घालून ऑपरेशन करतात. आत जागा व्हावी म्हणून पोट गॅसने फुगवतात. थंड दुर्बीण उबदार पोटात गेली की तिची काच धुरकटते आणि डॉक्टरांना पडद्यावर नुसते धुके दिसते. मग ती माझ्यात बुडवायची, पुसायची, की सगळे लख्ख! तयारी करणाऱ्या सिस्टरताई मला म्हातारबा म्हणत. म्हातारबा भरला का, हा त्यांचा पहिला प्रश्न असे.

मग तो आला. पांढरा, गुळगुळीत, डबीएवढा. पोटात जाणारा गार, कोरडा गॅस तो वाटेतच गरम आणि दमट करतो. काच कमी धुरकटू लागली, पेशंट कमी कुडकुडू लागले आणि सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. ताईंनी त्याचे नाव लाडोबा ठेवले. खोटे कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. घोटभर पाणी पिणारा हा टिकोजीराव ऐटीत मध्यभागी, आणि मी काठोकाठ भरलेला कोपऱ्यात!

एके दिवशी टेबलावर ताईंची स्वतःची आई होती. पित्ताशयात खडे झाले होते. डॉक्टरांनी ताईंना बाहेर बसायला सांगितले, पण त्या ऐकेनात. हात कामात आणि जीव आईत. सवयीने त्यांनी मला भरले. लाडोबाला मात्र सुरुवातीला सिरिंजने पाणी पाजायचे असते, ते राहूनच गेले. मी शेजारून पाहत होतो. मला बोलता येत नाही. पण आले असते, तरी त्या क्षणी मी तोंड उघडले नसते. होऊ दे एकदा याची फजिती, असेच मला वाटत होते.

आणि झालीच. कोरडा गॅस जात राहिला, काच पुन्हा पुन्हा धुरकटू लागली आणि दुर्बीण सारखी माझ्याकडे येऊ लागली.

“शेवटी म्हातारबाच कामाला आला,” डॉक्टर म्हणाले. मी सुखावलो.

तेवढ्यात उशाशी बसलेल्या, भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “आईंचं अंग गार पडत चाललंय.”

ताईंचे डोळे लाडोबाकडे वळले. “अगं बाई, याला पाणीच घातलं नाही मी.”

त्यांचे हात घाईघाईने सिरिंज शोधताना पाहिले आणि माझा सगळा आनंद विरला. याच हातांनी मला रोज घासले होते, भरले होते. आता या हातांची आई गारठत होती. निर्जंतुक पाण्याची नवी बाटली उघडण्याइतका धीर ताईंना नव्हता. त्यांनी सिरिंज सरळ माझ्यात बुडवली आणि माझे पाणी लाडोबाला पाजले.

हळूहळू काच स्वच्छ राहू लागली. डॉक्टरबाईंनी आईंना गरम पांघरूणही घातले. शुद्धीवर आल्यावर आई पुटपुटल्या, “थंडी नाही गं वाजत.” मग सगळ्यांनी कौतुक कुणाचे केले? लाडोबाचे!

मित्रांनो, माझ्या पोटात आजही दुखते. पण आता ताई रोज सिरिंज माझ्यात बुडवताना म्हणतात, “म्हातारबा, आधी धाकट्याला पाज.” मी पाजतो. तोंड वाकडे करून का होईना, पाजतो.

तुम्हीही एवढे करा. नव्या यंत्रावर डोळे मिटून विसंबू नका आणि जुन्या भांड्याला कोपऱ्यात ढकलू नका. काम सुरू करण्याआधी दोघांच्याही आत डोकावून पाहा. आणि कधी माझे कौतुक करावेसे वाटलेच, तर जरा मोठ्याने करा. लाडोबाला ऐकू गेले पाहिजे.