दोन खुर्च्यांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. खरे सांगायचे तर अर्धेच आहे, आणि त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. समोरासमोर दोघांना बसता यावे आणि खण दोन्हीकडे हवेत, असे गिऱ्हाइकांनी बजावले होते. सुताराने मन लावून काम केले, वर मऊ चामडे ताणून बसवले. माझे धनी म्हणजे प्रोफेसर आणि चित्रकार. एका घरात राहणारे, एकमेकांवर जीव टाकणारे. नवरा-बायकोचे असते तसेच त्यांचे प्रेम होते. फक्त दोघेही पुरुष होते. बाहेर मात्र चित्रकारांना सगळे 'भाडेकरू' म्हणत.

एकतीस वर्षे रोज सकाळी माझ्या मधोमध एखादे ताजे पान ठेवले जाई. प्रोफेसर भिंगातून त्याच्या शिरा मोजत, चित्रकार समोरून रेखाटत.

"अरे, बारा कुठल्या? तेरा आहेत. डोळे उघडून बघ!" चित्रकार म्हणत. प्रोफेसर चिडत, पुन्हा मोजत, आणि तेराच निघत. असा वनस्पतींचा पाच खंडांचा कोश झाला. केवढे कौतुक झाले त्याचे!

मग प्रोफेसर वारले. त्यांच्या पुतण्याने चित्रकारांना घराबाहेर काढले आणि तिथे संग्रहालय थाटले. एक दिवस दुसराच एक सुतार करवत घेऊन आला.

"चांगलं टेबल आहे साहेब. कापायचं कशाला?"

"दोन बाजू दिसल्या की लोक विचारणार, समोर कोण बसायचं? नसती पंचाईत," पुतण्या म्हणाला.

मित्रांनो, करवत चालली! जिथे रोज पान ठेवत, बरोबर तिथूनच! माणसे असे करू शकतात? प्रोफेसरांची बाजू आत काचेमागे गेली. मी चित्रकारांची बाजू. मला दाराशी भिंतीला ठोकले आणि माझ्यावर अभिप्रायाचे सुटे कागद ठेवले.

काल काठी टेकत चित्रकार आले. आत एक बाई शाळेच्या मुलांना सांगत होत्या, "प्रोफेसर जन्मभर एकटे राहिले. चित्रंसुद्धा स्वतःच काढायचे, बरं का!"

चित्रकार दारातूनच मागे वळले. मग त्यांना मी दिसले. माझ्या कापलेल्या कडेवरून त्यांनी हात फिरवला. "अरे देवा, तुलासुद्धा?" एवढेच ते बोलले.

"आजोबा, तुम्ही प्रोफेसरांचे कोण?" पहारेकऱ्याने विचारले.

उभ्या आयुष्यात त्यांनी या प्रश्नाचे खरे उत्तर दिले नव्हते. त्यांनी एक कागद ओढला आणि सगळा जोर लावून लिहिले, "जोडीदार. एकतीस वर्षे. चित्रे माझी."

संध्याकाळी पुतण्याने तो कागद वाचून टराटरा फाडला. पण पेन इतके दाबून चालले होते, की अक्षरे माझ्या चामड्यात उतरली आहेत. पुतण्याच्या ते लक्षात आले. त्याने लगेच सुताराला निरोप धाडला, उद्या नवे चामडे बसव.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा विनवतात, आम्हाला पुसा, चकचकीत करा. मी उलटे मागते. मला नवे करू देऊ नका. या, माझ्यावर बोट फिरवा आणि वाचा. सुतार आज दहाला येणार आहे. संग्रहालय नऊला उघडते.