तिरपी अक्षरं

लातुरात तेव्हा दर गल्लीत एक क्लास आणि दर क्लासला दारापेक्षा मोठी पाटी. अक्षरं सगळी जाडजूड, लाल-पिवळी, लांबूनच वसकन अंगावर येणारी. ती रंगवून रंगवून ताहेर पेंटरला वीट आला होता.

घरी त्याचं वेगळंच चालायचं. आजोबांचा उर्दू लिहायचा बोरू घेऊन तो इंग्रजी अक्षरं काढायचा. नाजूक, उजवीकडं किंचित कललेली, टोकांना बारीक पाय फुटलेली. रेघ कुठं भरीव, कुठं केसासारखी. लेक नाझनीननं ती कॉम्प्युटरवर चढवली आणि दोन-चार लग्नपत्रिकांत ती शोभलीही. पण पत्रिकेचं आयुष्य लग्नापुरतं, नंतर तिच्यावर लोक भजी खातात. मरायच्या आधी ती अक्षरं चार लोकांच्या नजरेत राहिलेली ताहेरला बघायची होती.

संगमेश सरांनी नवा क्लास काढला. "चाचा, पाटी तुमच्या मनानं करा," म्हणाले. ताहेरनं जीव ओतला.

प्रवेशाच्या दिवशी तो समोरच्या टपरीवर चहा घेऊन बसला, कौतुक ऐकायला. किल्लारीकडच्या गावांतून आईबाप पोरं घेऊन आले होते. एक बाई पाटीखाली आली, तिनं वर बघितलं आणि पोरीचं मनगट धरून तिला उघड्यावर ओढलं. मागचेही सरकले. बघता बघता सगळी रांग रस्त्यावर गेली.

ताहेर धावला. "काय झालं, माय?"

"कलली की हो ती! भूकंपात आमची भिंत आधी अशीच कलली होती."

पाटी सरळच होती, त्यानंच ओळंबा लावून बसवलेली. कलली होती ती अक्षरं. पण दहा वर्षांखाली ज्यांची घरं बसली, त्यांना अक्षरांची नजाकत काय सांगणार? त्याला बाईचा राग आला, मग स्वतःचा, मग नुसताच थकवा. शिडी मागवून त्यानं पाटी उतरवली.

"कॉम्प्युटरवर सरळ करून देऊ का, अब्बा?" नाझनीननं विचारलं.

"नको. मग माझं काय राह्यलं त्यात? जाडजूडच टाक."

संगमेश सरांना वाईट वाटलं. गुणवंतांच्या प्रमाणपत्रांवर त्यांनी तीच अक्षरं घेतली. "घरोघर भिंतीवर दिसतील, चाचा." ताहेरला पुन्हा हुरूप आला. आशा मेली चिवट असते.

निकालानंतर सत्कार झाला. पहिल्या आलेल्या पोरीचा बाप, मडिवाळप्पा, प्रमाणपत्र दोन्ही तळव्यांवर धरून बाहेर थांबलेल्या ताहेरकडं आला.

"लई देखणं लिव्हलंय," तो म्हणाला.

ताहेरचा चेहरा फुलला. "फ्रेम करा. बैठकीत लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल."

"न्हाई चाचा. भूकंपापासून आमच्यात भिंतीला कुणी काही टांगत न्हाई. ट्रंकेत ठिवतो, लुगड्याखाली."

ताहेरनं त्या कागदाची वळलेली कड बोटानं सरळ केली.

"ठिवा," तो म्हणाला. "घडी तेवढी घालू नका."