मुळी आणि पाला

महागू वैदूनं कागद आधी नाकाशी नेऊन हुंगला, मग उन्हात धरून पाहिला. बिरस्याच्या जंगलात त्याच्या नजरेतून साप सुटत नसे. हा तर चार ओळींचा कागद.

"हे काय व्हय?"

"तुमच्या पाल्याचा रिपोर्ट आहे, आबाजी," मयुरी म्हणाली. बालाघाटच्या कॉलेजात ती झाडपाल्यातली औषधी द्रव्यं तपासायची. "यातल्या द्रव्यानं सूज उतरते. दवा कोणाची, ते नाव खाली लिहायचं आहे. अंगठा द्या."

महागूनं अंगठा मुठीत लपवला.

गुडघ्यांवरच्या त्याच्या लेपात खरी दवा होती ती मुळी. बापानं मरताना कानात सांगितलेली. ती आणायला तो सात डोंगर ओलांडी, वाटेत वाघ भेटला तर त्याला चिमूटभर तंबाखू देऊन पुढं निघे. असं तो स्वतःच सांगे, अन् भरवेलीच्या खाणीतून गुडघे धरून आलेले लोक मान डोलवत. पाला नुसता भुलवायला. कुणी चोरून लेप हुंगलाच, तर वास पाल्याचा यावा. या पोरीलाही त्यानं मुद्दाम तोच दिला होता.

अन् ही म्हणते, पाल्यानंच सूज उतरते! हिला मुळीचा सुगावा लागलेला दिसतो. गोड बोलून काढून घ्यायला आली.

"पाल्यात काईच नाही," तो फसकन बोलून गेला. "दवा मुळीत हाय. अन् ते तुले सात जन्मात नाही भेटत."

ओसरीत शेंगा सोलणारी त्याची बायको मैनाबाई हसली. पाट्यावर लेप वाटायचं काम पहिल्यापासून तिचं.

"मुळी लेपात असतेच कुठं?"

"का म्हणतं?"

"लगन झालं त्या साली टाकलती. लोकायच्या गुडघ्याले फोड आले. तवापासून चुलीतच जाते ते. जळते मात्र बेस."

महागूची नजर आत चुलीकडे गेली.

मयुरीनं पेनाचं टोपण काढलं. "मग नाव कोणाचं लिहू?"

"यायचंच नाव लिव," मैनाबाई महागूकडे हनुवटी करून म्हणाली.

"काहून?" महागू गुरकावला.

"माह्या नावावर कोण येईन गुडघे घेऊन?"

महागू बाजेवर जरासा सरकला, बाजूची जागा त्यानं तिच्यासाठी हातानं झटकली.

मैनाबाईनं आजवर कधी न मिळालेल्या त्या जागेकडे पाहिलं. मग त्याच्याकडे, डोळे बारीक करून. मांडीवरची टोपली तिनं खाली ठेवली नाही.