लाल डोळा आढळला नाही

"हा डावा डोळा म्हणजे ना, एक नंबरचा हट्टी आहे," फोटोकाका पुटपुटले आणि त्यांनी तिसऱ्यांदा क्लिक केलं.

स्क्रीनवर त्यांची नात होती, ढब्बू. वय वर्षं दोन, गाल हे एवढाले, हातात काकांच्याच कॅमेऱ्याचं झाकण. फोटो कालच घरी काढलेला, फ्लॅश टाकून. उजव्या डोळ्यात लाल ठिपका आला होता. त्यावर क्लिक करताच पाटी आली होती, 'एक लाल डोळा आढळला. काढायचा?' काकांनी 'हो' दाबलं आणि ठिपका गेला. डाव्या डोळ्यात मात्र लाल नव्हतंच. तिथे पांढुरकी चकाकी होती, अंधारात मांजराच्या डोळ्यात दिसते तशी. तिथे कितीही वेळा क्लिक केलं तरी खाली एकच ओळ यायची: 'लाल डोळा आढळला नाही.'

"नाही ना आढळला? राहिलं. आम्ही काय मेलोय का?" काका म्हणाले. त्यांनी उजव्या डोळ्याचा काळाभोर गोल उचलला, डाव्यावर आणून बसवला, कडा जराशा पुसल्या. झालं काम. पोर कशी चित्रासारखी दिसायला लागली.

सॉफ्टवेअर फुकटचं होतं. सहा-सात वर्षांपूर्वी लेकीने उतरवून दिलेलं. त्याआधीच्या विकतच्यात बटणांचा असा काही बाजार भरलेला असायचा की काकांना घाम फुटायचा. यात फोल्डर उघडला की सगळे फोटो ओळीने हजर. बाण दाबला की पुढचा, उलटा दाबला की मागचा. कापा, सरळ करा, उजळा, लाल डोळा काढा, संपलं. फुकट ते पौष्टिक, असं म्हणत काकांनी त्याला जे डोक्यावर घेतलं ते घेतलंच. आता स्टुडिओत सोहळ्यांचे फोटो काढायला कुत्रंही फिरकत नव्हतं. पासपोर्टचे, ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे, एवढ्यावर दुकान उभं होतं. पण त्या टिचभर फोटोतही काका जीव ओतायचे. "माणूस आरशासमोरून तोंड पाडून उठतो," ते म्हणायचे, "माझ्याकडून जाताना तोंड वर करून गेला पाहिजे." गल्लीतले टवाळ म्हणायचे, काकांकडून फोटो काढून आणला तर घरचे दारात उभं करत नाहीत, ओळखतच नाहीत म्हणे. काकांना हे ऐकून गुदगुल्या व्हायच्या.

एक खोड मात्र त्यांनी त्या सॉफ्टवेअरची मोडून ठेवली होती. सुरुवातीला ते दरवेळी विचारायचं, 'मूळ फोटोवरच साठवायचं का?' दिवसातून पन्नास वेळा तेच तेच. वैतागून काकांनी खालच्या चौकटीत खूण केली होती, 'पुन्हा विचारू नका.' तेव्हापासून ते बिचारं गप्प होतं. काका दुरुस्त करायचे, आणि मूळ फोटो जागच्या जागी पुसला जायचा.

"काका, तो फोटो परत दाखवता?"

बाकावर बसलेली बाई उठून त्यांच्या खुर्चीमागे आली होती. डोळ्यांच्या इस्पितळातली सिस्टर. ओळखपत्रासाठी फोटो काढायला आली होती. तिचे फोटो यंत्रातून निघत होते.

"तुमचा? येतोय बघा, चारही एकदम."

"माझा नाही हो. या बाळाचा. तुम्ही डोळा बदललात ना, त्याच्या आधीचा."

काकांना जरा झोंबलंच. दुसऱ्याच्या कामात डोकावणारी माणसं त्यांना आवडत नसत. "आता तो कुठला? त्याच्यावरच साठवला मी. हां, कॅमेऱ्याच्या कार्डात असेल अजून."

"बघू."

तिचा आवाज असा काही होता की काकांनी मुकाट्याने कार्ड लावलं. फोटो उघडला. सिस्टर वाकली, मग गुडघ्यावर बसली, स्क्रीनच्या अगदी जवळ. मागे यंत्र तिचे फोटो कापून टाकत होतं.

"कोण तुमची?"

"नात. का हो?"

"असं पांढरं आधी कधी आलं होतं?"

"अहो, ते फ्लॅशचं असतं. तीस वर्षं हेच करतोय मी."

"काका, आधी आलं होतं का?"

"आलं असेल एखाद-दोन वेळा," काका म्हणाले.

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. "उद्या सकाळी तिला घेऊन या. मी लहान मुलांच्या विभागात असते, नंबर लावायची गरज नाही. उद्याच या. परवा नको." एवढं बोलून ती निघाली. तिचे चार फोटो यंत्राखालच्या ताटलीत तसेच राहिले. काकांनी हाक मारली, पण ती रस्ता ओलांडून गेली होती.

दुकानात कुणी नव्हतं. काकांनी ढब्बूचा फोल्डर उघडला आणि उलटा बाण दाबायला सुरुवात केली. बादलीत बसलेली ढब्बू. आजीचा चष्मा घातलेली ढब्बू. पहिलं पाऊल टाकताना धपकन बसलेली ढब्बू. दर महिन्याला एक फोटो, असा त्यांचा नेम होता. काढायचा, सजवायचा, लेकीच्या फोनवर पाठवायचा. सगळ्या फोटोंत दोन्ही डोळे कसे काळेभोर, टपोरे. आणि काकांना एकेक आठवत होता, कारण प्रत्येकावर ती ओळ आली होती, 'लाल डोळा आढळला नाही.' पहिल्यांदा आली तेव्हा पोरगी धड चालतसुद्धा नव्हती. अकरा महिने ते यंत्र बिचारं सांगत होतं. अकरा फोटोंत ढब्बूला दोन उजवे डोळे होते.

आणि मग आठवू नये तेच आठवलं. तीन महिन्यांपूर्वी लेक इथेच, या बाकावर बसली होती. "बाबा, हिचा डावा डोळा मधूनच बाहेरच्या बाजूला जातो का हो? डॉक्टरांची वेळ घेतलीय मी." काकांची बायकोही म्हणाली होती, "मलाही वाटतं हं, कुठेतरी तिरपं बघते." काकांनी दोघींना वेड्यात काढलं होतं. फोल्डर उघडून स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली होती. "कुठे जातोय बाहेर? दाखव ना! अगं, जन्म गेला माझा लोकांचे डोळे बघण्यात, तू मला शिकवतेस?" लेकीने बघितलं होतं, हसली होती, आणि तिथूनच फोन करून डॉक्टरांची वेळ रद्द केली होती.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात ढब्बूच्या डोळ्यांत थेंब घातले तेव्हा तिने असा टाहो फोडला की बाहेरची माणसं वळून बघायला लागली. लेक घाबरली होती, पण धीर धरून होती. काकांनी तिला एवढंच सांगितलं होतं, एक सिस्टर म्हणाली, दाखवून टाका. जास्त बोलायला त्यांची जीभ रेटली नव्हती. सिस्टर दारापाशी उभी होती. तिनेही काही विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई कमी बोलणारी होती. तिने उजेड पाडून पाहिलं, भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग खुर्ची मागे घेतली. डोळ्याच्या आत गाठ आहे, असं ती म्हणाली. मोठी आहे. लेकीने ढब्बूला छातीशी धरलं, इतकं घट्ट की पोर कुरकुरली.

"हे पहिल्यांदा कधी दिसलं? मला नीट आठवून सांगा. उपचार त्यावर ठरतील. फ्लॅशच्या फोटोत निरोगी डोळ्यात लाल दिसतं, अशा डोळ्यात पांढरं. जुने फोटो आहेत?"

"आहेत ना!" बुडत्याला काडी मिळावी तशी लेक म्हणाली. "बाबा स्टुडिओवाले आहेत. दर महिन्याचा फोटो आहे, फ्लॅशचाच. बघा ना, एकाही फोटोत काही नाही. एकाही!"

डॉक्टरीणबाई फोनवर बोट सरकवत गेली. मागे, आणखी मागे. तिच्या कपाळाला आठी पडली. "कमाल आहे. मागच्या महिन्यापर्यंत डोळा अगदी स्वच्छ दिसतोय. म्हणजे चार-पाच आठवड्यांत एवढी वाढ..." तिने कागद ओढला आणि लिहायला लागली.

काका भिंतीला टेकून उभे होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याच्यावर साठवलं ते पुसलं गेलं, अकरापैकी दहा फोटोंचा तर मागमूस उरला नव्हता. सिस्टरलाही त्यांनी एखाद-दोन वेळाच सांगितलं होतं. तोंड मिटून राहिलं की झालं, जन्मात कुणाला कळणार नाही. लेक बाबाच म्हणत राहील. पण डॉक्टरीणबाईचं पेन चाललं होतं, आणि ती जे लिहीत होती ते खोटं होतं, आणि त्या खोट्यावर ढब्बूचं औषध ठरणार होतं.

"डॉक्टर, लिहू नका," काका म्हणाले. "ते फोटो खरे नाहीत."

"म्हणजे?"

"डावा डोळा मी बसवलाय. उजव्याचाच उचलून. सगळ्या फोटोंत. पांढरं अकरा महिन्यांपासून येतंय."

लेकीने मान वळवली, हळूहळू.

"मी विचारायला आले होते तेव्हाचा फोटो पण?"

"हो."

"तुम्हाला दिसलं होतं तेव्हा."

"दिसलं होतं गं, बयो." काका म्हणाले. "मला वाटलं, दोष फोटोत आहे."

लेक ओरडली नाही, रडलीही नाही. तिने फोन परत घेतला, पालथा घालून मांडीवर ठेवला आणि नंतर त्यांच्याकडे पाहिलंच नाही. डॉक्टरीणबाईने लिहिलेली ओळ खोडली. खाली नवी लिहिली. मग पेन ठेवून म्हणाली, "डोळा काढावा लागेल. जीव वाचवायचा तर लवकरात लवकर."

"तीन महिन्यांपूर्वी आणला असता तर?" लेकीने विचारलं.

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली.

डोळा काढला. जखम भरल्यावर तिथे काचेसारखा चकचकीत बनावट डोळा बसवला, रंग उजव्याशी इतका जुळवून की परक्याला कळू नये. उजवा डोळा आज चांगला आहे, पण असा आजार दुसऱ्या डोळ्यातही डोकं वर काढू शकतो, म्हणून दर काही आठवड्यांनी भूल देऊन तपासणी. "फोटोवर विसंबून राहायचं नाही," डॉक्टरीणबाईने काकांना बजावलं होतं. "तपासणी चुकवायची नाही. पण फोटोही काढत राहा. आणि त्यांना हात लावू नका."

दुकानाची कळा बदलली. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, डोळे लाल आलेत हो, काढा की." काका म्हणायचे, "लाल आहे तेच बरं आहे. हवं तर फ्लॅश न टाकता पुन्हा काढतो." काही चिडून उठून जायचे, म्हाताऱ्याला वेड लागलंय म्हणायचे. सेटिंगमधली ती जुनी खूणही काकांनी काढून टाकली. आता सॉफ्टवेअर दिवसातून पन्नास वेळा विचारायचं, मूळ फोटोवरच साठवायचं का, आणि काका पन्नास वेळा 'नाही' म्हणायचे. सिस्टरचे चार फोटो गल्ल्यात तसेच होते. ते न्यायला ती आलीच नाही.

दर रविवारी सकाळी आजी ढब्बूला घेऊन यायची. फ्लॅश, फोटो, मग काका लेकीला एका शब्दाचा निरोप पाठवायचे: 'लाल.' तिने वाचल्याची खूण यायची. उत्तर नाही. सात महिने असेच गेले.

आठव्या महिन्यातल्या एका रविवारी दार उघडलं आणि ढब्बूच्या मागून लेक आत आली. "आईला बरं नाहीये," एवढंच म्हणाली. बाकावर बसली नाही, उभीच राहिली. ढब्बू सवयीने स्टुलावर चढली, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "आजोबा, खचाक करा!"

फ्लॅश उडाला. काका खुर्चीवर येऊन बसले. लेक त्यांच्या मागे येऊन उभी राहिल्याचं त्यांना न बघताच कळलं. फोटो उघडला. डाव्या डोळ्यात काही नव्हतं, तिथे काही येणारही नव्हतं. उजव्यात बुबुळाच्या मधोमध एक ठिपका होता. पण ढब्बू हलली होती की काय कोण जाणे, ठिपका फिकट वाटत होता. काकांनी मोठा केला. अजून फिकट.

काकांनी लाल डोळ्याचं बटण घेतलं आणि त्या ठिपक्यावर क्लिक केलं. जुनाट कॉम्प्युटर, चकती फिरत राहिली. एक फेरा. दुसरा. तिसरा. स्टुलावर ढब्बू पाय हलवत बसली होती.

मग पाटी आली.

'एक लाल डोळा आढळला. काढायचा?'

काकांना हात उचलवेना. मागून लेकीचा हात पुढे आला, त्यांच्या हातावर, माऊसवर टेकला. आणि तिने 'नाही' दाबलं.