मतपत्रिकेची मागची बाजू

"कॉरोनर? म्हणजे मेलेल्यांचं बघतो तो? त्याला मतं द्यायची असतात?"

दारातला माणूस खरोखर चकित झाला होता. त्याच्या हातात अर्धं खाल्लेलं सँडविच होतं. मागे टीव्हीवर गव्हर्नरपदाचे दोन उमेदवार एकमेकांचं बोलणं तोडत भांडत होते.

"दर चार वर्षांनी देता तुम्ही," पायरीवर उभी असलेली ट्वायला रेनिक म्हणाली.

"मी? मला तर कधी दिसलं नाही."

"मागच्या बाजूला असतं. पान उलटावं लागतं."

"असं होय," तो म्हणाला. तिचा कागद त्याने घेतला, न वाचता चपलांच्या कपाटावर ठेवला आणि घाईने विचारलं, "बाकी गव्हर्नरला कुणाला देणार तुम्ही?"

ट्वायला पायरी उतरली. फाटकापाशी तिची मैत्रीण लोरेटा थांबली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, दणकट बांध्याची आणि तोंडाने फटकळ.

"काय म्हणाला?"

"त्याला वाटलं, मी गव्हर्नरची माणूस आहे."

"तू कोणाचीच नाहीस, हे त्याच्या डोक्यात शिरायला ख्रिसमस उजाडेल," लोरेटा म्हणाली.

मिझुरीतल्या त्या जिल्ह्यात कोणी शेतात, रस्त्यावर, घरात एकट्याने किंवा तुरुंगात मेलं, तर ते कशाने मेलं हे ठरवायचा अधिकार एकाच माणसाला होता. तो माणूस म्हणजे हार्लन ब्रॉकमायर. ट्वायला शाळेची बस चालवू लागली त्याच्या आधीपासून तो कॉरोनर होता आणि त्याच्याविरुद्ध आजवर कोणी उभंच राहिलं नव्हतं. गावातलं अंत्यविधीचं दुकानही त्याचंच. सकाळी मृत्यूचं कारण ठरवायचं आणि दुपारी त्याच माणसाला पेटीत निजवायचं, यात कोणाला काही वावगं वाटत नसे. हार्लन मृदू बोलायचा, प्रत्येकाच्या आईचं नाव लक्षात ठेवायचा.

"माझ्या आईला त्याने अशी सजवली होती," लोरेटा एकदा म्हणाली होती, "की जिवंतपणी ती कधी एवढी बरी दिसली नव्हती. म्हणून मी त्याला मत द्यायचं काय?"

पण बहुतेकांचं म्हणणं तेच होतं. हार्लनने आमच्या वडिलांचं किती छान केलं.

ट्वायलाच्या धाकट्या भावाचंही त्याने छानच केलं होतं. रॉयस घरांची छपरं दुरुस्त करायचा. लहानपणापासून त्याला मधुमेह होता, इन्सुलिनच्या इंजेक्शनशिवाय त्याचा दिवस जात नसे. आई कारखान्यात रात्रपाळीला जायची, तेव्हा दहा वर्षांची ट्वायला त्याला सुई टोचायची आणि तो रडू नये म्हणून छतावरच्या पालीला रोज नवं नाव द्यायची. तो मोठा झाला, त्याची दाढी पांढरी झाली, तरी त्याच्या औषधाची काळजी तिला सुटली नव्हती.

गाडी वेगाने चालवल्याच्या एका जुन्या प्रकरणात तो कोर्टाची तारीख विसरला. त्यासाठी सोमवारी त्याला उचललं. मंगळवारी बस उभी करून ट्वायला इन्सुलिन घेऊन तुरुंगाच्या खिडकीशी गेली.

"बाहेरचं औषध चालत नाही," खिडकीतला शिपाई म्हणाला. "आमची नर्स बघेल."

"कधी बघेल?"

"येईल तेव्हा."

बुधवारी ती पुन्हा गेली. गुरुवारीही गेली. नर्स अजून आलीच नव्हती. शुक्रवारी सकाळी तिला फोन आला, तो हार्लनच्या दुकानातून. तुरुंगातून कोणी कळवण्याची तसदीही घेतली नव्हती. मृत्यूचं कारण लिहिलं गेलं होतं: नैसर्गिक. शवविच्छेदन करायचं की नाही हे कॉरोनर ठरवतो, आणि हार्लनला त्याची गरज वाटली नव्हती.

त्या एका शब्दाने सगळी दारं बंद केली. शहरातल्या वकिलाने सांगितलं, कारण नैसर्गिक आहे तोवर खटला उभाच राहत नाही. ती तुरुंग चालवणाऱ्या शेरीफकडे गेली, तो म्हणाला कॉरोनर माझ्या हाताखाली नाही. ती जिल्ह्याच्या कचेरीत गेली. तिथली बाई समजूत काढल्यासारखी म्हणाली, "तसं पाहिलं तर त्यांना कोणीच काही विचारू शकत नाही हो. फक्त मतदार त्यांना काढू शकतात."

बाईने ते तिला वाटेला लावण्यासाठी म्हटलं होतं. ट्वायलाने ते खरं धरलं. उमेदवारीसाठी लागणाऱ्या सह्या घराघरांतून गोळा केल्या आणि कुठल्याही पक्षाशिवाय उभी राहिली.

लोक तिला हसले नाहीत. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं, निदान त्यांनी ऐकलं तरी आहे असं म्हणता आलं असतं. ते मान डोलवायचे, "रॉयसचं वाईट झालं," म्हणायचे, आणि लगेच गव्हर्नरकडे वळायचे. जो गव्हर्नर त्यांच्या गावात कधी पाऊल ठेवणार नव्हता, त्याच्यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आणि उद्या यांच्यापैकीच कोणी रस्त्याकडेला मरून पडला, तर कशाने मेला हे ठरवणारा कोण असावा, याबद्दल त्यांना काहीच मत नव्हतं. ट्वायला दिवसभर हे गिळत असे. घरी आली की भांडी इतक्या जोरात घासत असे, की कढईचा दांडाच एकदा तिच्या हातात आला.

ऑक्टोबरमध्ये माजी सैनिकांच्या सभागृहात सर्व उमेदवारांची सभा झाली. दोन्ही गव्हर्नर उमेदवारांचे प्रतिनिधी आले होते. खुर्च्या अपुऱ्या पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, भांडणाऱ्या दोघा म्हाताऱ्यांना तर बाहेर न्यावं लागलं. मग विधानसभेचे उमेदवार बोलले. ते संपलं, तशी निम्मी गर्दी घरोघरून भाजून आणलेल्या गोड पाईंच्या टेबलाकडे गेली. गावच्या साप्ताहिकाचा वार्ताहर कॅमेरा गळ्यात अडकवून निघून गेला.

"आता कॉरोनर," सभेच्या अध्यक्ष मिसेस प्रुइट घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "वेळ झालीय, तेव्हा जरा आटोपतं घ्या. एकमेकांना एखादा प्रश्न विचारा, म्हणजे झालं."

हार्लनने ट्वायलासाठी खुर्ची सरकवली. तो तसाच होता, खुर्ची सरकवणारा.

"ट्वायला, तुझं दुःख मला कळतं गं," तो हळुवारपणे म्हणाला.

"दुःखाचं विचारत नाही मी. रॉयसला तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलंत?"

"माझ्याकडे आणला तेव्हा."

"म्हणजे तुमच्या दुकानाच्या तळघरात. तुरुंगात तुम्ही गेलाच नव्हतात?"

"तशी गरज नव्हती. झोपेत गेला, असं शेरीफनी फोनवर सांगितलं."

"आणि फोनवरच तुम्ही कारण ठरवलंत."

"पोरी, त्याचं हृदय बंद पडलं होतं."

"सगळ्यांचंच पडतं, हार्लन! ज्याला गोळी लागते त्याचंही पडतं. का पडलं, हे तुम्ही बघायचं असतं. त्याचं रक्त तपासलंत?"

"नाही."

"तो मधुमेही होता, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. ते तर सगळ्या गावालाच ठाऊक होतं."

त्याने काहीही लपवलं नाही. चार दिवस औषधाविना ठेवलेल्या माणसाचा मृत्यू आपण न बघता नैसर्गिक ठरवला, हे तो माणूस भर सभेत, दिव्यांच्या उजेडात, शांतपणे सांगत होता. ट्वायलाला वाटलं, आता कोणीतरी उठेल. आता कोणीतरी ओरडेल. तिने समोर पाहिलं.

लोक खुर्च्या मिटत होते. लोखंडी खुर्च्या एकावर एक रचल्याचा खणखणाट भिंतीला आपटून परत येत होता. पाईंच्या टेबलापाशी कोणीतरी मोठ्याने हसलं. पहिल्या रांगेतला कानाने अधू म्हातारा तिच्याकडे बघून प्रेमाने हसत होता.

"ऐकलंत का?" ट्वायला ओरडली. "काय म्हणाले ते ऐकलंत का कोणी?"

"आवाज चढवायचं काम नाही, ट्वायला," मिसेस प्रुइट म्हणाल्या. "आभारी आहोत. पीचची पाई अजून शिल्लक आहे."

पुढच्या आठवड्याच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर गव्हर्नर उमेदवाराच्या प्रतिनिधीचा हात उंचावलेला फोटो होता. बातमीची शेवटची ओळ अशी होती: इतर पदांचे उमेदवारही उपस्थित होते. लोरेटाने ते पान ओट्यावर पसरलं आणि त्यावर मासे साफ केले.

मतदानाच्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या केंद्रापासून नियमाने ठरलेल्या अंतरावर ट्वायला उभी राहिली. कापणी आटोपलेल्या शेतांवरून बोचरा वारा येत होता. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगत होती, "पान उलटा. एवढंच करा. माझ्याविरुद्ध द्या हवं तर, पण पान उलटा."

लोरेटाचा नवरा क्लिंट दुपारी आला. ट्वायलाच्या नावाचे फलक त्यानेच जिल्हाभर ठोकले होते, तेही दुखऱ्या खांद्याने. मत देऊन तो लालबुंद होऊन बाहेर आला.

"गव्हर्नरच्या त्या भामट्या उमेदवाराच्या विरोधात असा गोल काळा केला, असा काळा केला, की कागद फाटायचा राहिला! पुढची चार वर्षं आता बघतोच त्याला!"

"आणि ट्वायलाला?" लोरेटाने विचारलं.

क्लिंटने मागे वळून चर्चच्या दाराकडे पाहिलं. मग टोपी काढली, ती हातात फिरवली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "रागाच्या भरात पान न उलटताच टाकून आलो गं."

लोरेटा त्याला गाड्यांच्या तळावर जे बोलली, ते चर्चच्या आवारात बोलण्याजोगं नव्हतं. एक मोठं माणूस आपल्या बायकोपुढे शाळकरी पोरासारखं उभं राहिलेलं बघून रांगेतल्या बायका तोंडावर हात ठेवत होत्या. ट्वायला मधे पडली नाही. तिला क्लिंटचा राग आला नाही. तिला आला तो त्या टीव्हीचा, त्या फोटोचा, त्या मोठाल्या आरोळ्यांचा, ज्यांनी याच्यासारख्या भल्या माणसाच्या डोक्यात आपल्याच जिल्ह्यापुरतीही जागा ठेवली नव्हती.

ती हरली. कचेरीत आकडे लावले, तेव्हा दिसलं की जितक्या मतांनी ती पडली, त्याच्या दुप्पट लोकांनी त्या पदापुढचे दोन्ही गोल कोरे सोडले होते. गव्हर्नरपुढे कोरं सोडणारा शोधूनही सापडत नव्हता. हार्लनने तिच्या घरी फुलांची कुंडी पाठवली. कार्डावर लिहिलं होतं, "चांगली लढलीस." ती त्याच्या दुकानातलीच फुलं होती, पांढरी, शोकाची. कार्ड तिने चुलीत टाकलं. फुलांचा काही दोष नव्हता, म्हणून त्यांना पाणी घातलं.

त्यानंतरच्या शनिवारी ती अंगणात पानं गोळा करत असताना फाटकाशी एक बाई येऊन थांबली. तिशी-पस्तिशीची, अंगावर जाड कोट, पायांत कामावरचे बूट. गाडी तिने दूर कोपऱ्यावर उभी केली होती.

"कॉरोनरला उभ्या होतात, त्या तुम्हीच ना?"

"मी हरले," ट्वायला म्हणाली.

"ठाऊक आहे." बाईने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. "माझा भाऊ पण त्याच तुरुंगात वारला. दोन वर्षं झाली. त्याचंही नैसर्गिकच लिहिलंय. मला वाटायचं, असं आमच्याच नशिबी आलं."

ट्वायलाने दाताळं कुंपणाला टेकवून ठेवलं.

"माझ्या हातात काही नाही, बाई. मला कोणी निवडून दिलेलं नाही. मी कोणाला जाब विचारू शकत नाही."

"मी त्यासाठी नाही आले," बाई म्हणाली. पण कशासाठी आली, ते तिला सांगता येईना.

ट्वायलाने तिला स्वयंपाकघरात नेलं, कॉफी ठेवली आणि तिच्यासमोर बसली. बाई कोट न काढता खुर्चीच्या कडेवर टेकली होती, केव्हाही उठून जाता यावं अशी. भाऊ कशासाठी आत गेला, दारू प्यायचा का, आधी कधी पकडला होता का, अशा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं जणू तिने ओठांवर तयार ठेवली होती.

"नाव काय होतं त्याचं?" ट्वायलाने विचारलं.

बाईने मान वर केली.

"डेल्विन," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "डेल्विन. आम्ही डेल म्हणायचो."

आणि तिने कोटाची बटणं एकेक करून सोडायला सुरुवात केली.