दोरी फोटोत येत नव्हती

माझी काच कोपऱ्यात तडकली आहे, पट्टाही तुटला आहे. तरी मित्रांनो, मी कॅमेरा आहे आणि जे पाहिलं ते सांगण्याइतका अजून धड आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पहिला खरा उजेड पाहिला तो तुमसरला, 'वनसोबती' मासिकाच्या कचेरीत. हे मासिक दुकानात मिळत नसे. वर्गणी भरून सभासद झालेल्यांच्या घरी ते टपालाने जाई. संपादक लिलाधरभाऊंनी मला खोक्यातून काढलं, कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाले, "आता आपल्या मासिकाले डोळा भेटला."

ती वर्षं सुखाची होती. आम्ही तलावाच्या पाळीवर पालथे पडून पाणपाखरांची वाट पाहायचो. धानाच्या शेतात, बांधीत, सारसाची जोडी उतरली की लिलाधरभाऊ श्वास रोखायचे. कोणी जवळ जाऊ लागलं की दटावायचे, "तिथंच थांब, उडून जाईन ते!" अंक आला की सभासद मुखपृष्ठ कापून भिंतीवर चिकटवायचे. मला वाटायचं, माझ्यासारखा भाग्यवान मीच.

मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले. पाखरांचे फोटो घरोघरी झाले आणि सभासद गळू लागले. एकदा धानकापणीत एका पोराला रानमांजराचं पिल्लू सापडलं. ते छातीशी धरून पोरगं हसलं, आणि तो फोटो मुखपृष्ठावर गेला. लोकांना तो इतका आवडला की लिलाधरभाऊंनी स्पर्धाच काढली: 'माझा रानसोबती'. मुलांनी रानातल्या प्राण्यासोबत फोटो पाठवायचा, आणि निवडलेल्या मुलाचा मुखपृष्ठासाठीचा फोटो आम्ही त्याच्या गावी जाऊन काढायचा.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकू लागली. आम्ही जिथे जाऊ तिथे भैय्यालाल नावाचा माणूस आधीच पोहोचलेला असायचा. हरणाचं पाडस माणसं पाहूनही पळत नसे. घोरपड जागची हलत नसे. एकदा मला पाडसाच्या पायाला बांधलेली दोरी दिसली. लिलाधरभाऊंनाही दिसली असावी, कारण त्यांनी मला जरासं वर उचललं. फोटोत पाडस आलं, पोर आलं; दोरी आली नाही.

वाचकांनाही शंका येत होती. कचेरीतला फोन वाजायचा, लिलाधरभाऊ "हो हो, पाहू" म्हणून ठेवून द्यायचे. एक दिवस सिहोऱ्याच्या उषाबाई स्वतः आल्या. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि त्या पहिल्या अंकापासूनच्या सभासद होत्या.

"भाऊ, फोन कायले कापता?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं. "आमच्या गल्लीतल्या पोराले वानर चावलं. एका हातात केळं, दुसऱ्या हातात मोबाइल. काहून गेलता म्हटलं, तर म्हणते, 'वनसोबती'त फोटो पाठवाचा होता."

"बाई, पोरायले निसर्गाची आवड लागून राहिली."

"आवड? पोरं झुडपात हात घालून पिल्लं शोधून राहिले. हे छापा तुमच्या अंकात."

"छापतो ना. पुढच्या अंकात."

पुढचा अंक आला. वाचकांच्या पानावर नुसतं कौतुक होतं. उषाबाईंचं एक अक्षर नव्हतं, त्यानंतरच्या अंकातही नव्हतं.

मोहफुलं गळायच्या दिवसांत आम्ही नाकाडोंगरीला गेलो. त्या वेळी मुखपृष्ठासाठी हर्षा नावाच्या मुलीची निवड झाली होती. तिची आई चंद्रकला पहाटेपासून मोहफुलं वेचत होती. रानाच्या कडेला भैय्यालाल उभा होता, आणि त्याच्यामागे झुडपाशी अस्वलाचं पिल्लू.

चंद्रकलाबाईंनी टोपली खाली ठेवली. "याची माय कुठं हाय?"

"माय नाही त्याले," भैय्यालाल म्हणाला. "मीच पाळलो."

"कधीपासून? काल तर गावात कोणी नाही पायलं."

लिलाधरभाऊ मध्येच म्हणाले, "बाई, दोन मिनिटांचं काम आहे. हर्षा, त्याच्या डोक्यावर हात ठेव."

हर्षा वाकली आणि तशीच थांबली. "काका, हे रडून राहिलं." तिने पिल्लाच्या पायाकडे बोट दाखवलं. "बांधलं हाय याले."

लिलाधरभाऊंनी मला वर उचललं. त्याच क्षणी मागच्या झुडपात काहीतरी मोडलं. माझ्या काचेत आधी काळी हालचाल दिसली, मग छातीवरचा पांढरा पट्टा. अस्वलीण होती.

भैय्यालाल पळाला. लिलाधरभाऊही पळाले, आणि मी दगडावर आपटलो. आडवा पडून मी जे पाहिलं ते कुठल्याच अंकात छापलं गेलं नाही. चंद्रकलाबाईंनी मुलीला मागे ओढलं, पण त्या पळाल्या नाहीत. त्यांनी कमरेचा विळा काढून दोरी कापली. पिल्लू सुटलं. तेवढ्यात अस्वलीण त्यांच्यावर आली. एकच पंजा बसला आणि दंडातून रक्त आलं. मग पिल्लू ओरडलं, ती वळली, त्याला हुंगलं आणि दोघं रानात गेली. हर्षा आईच्या पाठीला घट्ट चिकटली होती. दोघी मागे न वळता एकेक पाऊल मागे सरकत गेल्या.

मला उचलून पुन्हा कचेरीत आणलं गेलं; दवाखान्यात चंद्रकलाबाईंच्या दंडाला टाके पडल्याचं मी तिथेच ऐकलं. पुढच्या अंकात याबद्दल काही येईल असं मला वाटलं होतं. आली ती स्पर्धेची नवी जाहिरात.

नाकाडोंगरीची हकीकत कानावर गेल्यावर मात्र उषाबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी ओळखीच्या सभासदांना फोन केले. वार्षिक सभेला कचेरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. चंद्रकलाबाई हात गळ्यात बांधून आल्या होत्या.

"मी तक्रार कराले नाही आलो," त्या म्हणाल्या. "तक्रारी तुमी ऐकतच नाही. माह्या पोरीले एक विचाराचं हाय."

हर्षा उभी राहिली. "काका, दोरी तुमाले दिसली होती ना?"

लिलाधरभाऊंनी टेबलावर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "हो पोरी. दिसली होती." आणि खुर्चीवरून उठले. त्या खुर्चीत ते पुन्हा बसले नाहीत.

भैय्यालालला वनखात्याने नेलं. स्पर्धा बंद झाली. मासिक आता लहान झालं आहे, सभासदही थोडेच राहिले आहेत. उषाबाई आणि आणखी दोघं ते चालवतात. पहिलं पान तक्रारींचं असतं. मी उषाबाईंच्या दुकानात कापडाच्या ठाणांशेजारी पडून असतो. कधीकधी वाटतं, मला कोणी दुरुस्त करून घ्यावं. पण पुन्हा कोणाच्या हातात जाईन, ही शंका येते.

मित्रांनो, फोटो सुंदर दिसला म्हणजे तो खरा असतोच असं नाही. त्याच्या चौकटीबाहेर काय ठेवलं आहे ते विचारा. विचारणाऱ्याला कोणी टाळत असेल तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. मी हे फार उशिरा शिकलो, तुम्हाला तेवढा उशीर नको.

परवा हर्षा आईसोबत कापड घ्यायला आली होती. तिने उषाबाईंना सांगितलं, औंदा त्यांच्या मोहाखाली सकाळी अस्वलाच्या पावलांचे ठसे होते, मोठे आणि त्यांच्या बाजूला लहान.

"मग?" उषाबाईंनी विचारलं.

"मग काय," हर्षा म्हणाली, "त्या झाडाची फुलं आमी नाही वेचली. राहू देल्ली त्यायले खायाले."

त्याचा फोटो नाही. काढायला कोणी गेलंच नाही.