शेंगापोळीच्या दोन चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. पण माझं झाकण उघडून बिस्किटं शोधू नका. ती मी सांगलीहून समडोळीला आलो त्याच दिवशी संपली. माझ्या झाकणावर एक गुलाबी राजवाडा आणि त्याच्या दारात हत्ती होता. आता त्याचा एक मनोरा आणि अर्धा हत्ती उरला आहे.

रामगोंडा पाटलांनी मला दिवाळीत घरी आणलं. बिस्किटं संपल्यावर माझ्यात सुया-दोरे आले, मग बटणं. शेवटी त्यांच्या पत्नी चंदनबाला यांनी बटणं ओतून दिली आणि आपल्या पाककृतींच्या चिठ्ठ्या माझ्यात ठेवल्या. तिथून माझे दिवस पालटले. त्या हाताला लागेल त्यावर लिहीत: कॅलेंडरच्या पानावर, औषधाच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेच्या मागे. गल्लीतल्या बायका म्हणत, "चंदनबाला, डबा काढ की जरा!" मी अभिमानाने इतका फुगायचो की झाकण बसेना.

पण पुढे फोन आले. स्वयंपाक फोनमध्ये बघून होऊ लागला आणि मी माळ्यावर गेलो, तुटक्या पंख्याशेजारी. चिठ्ठ्याही पांगल्या. पुरणाच्या कडबूची गव्हाच्या कणगीत सापडली, तर चुरमुऱ्यांच्या भडंगाची रामगोंडांच्या सदऱ्याच्या खिशातून धुऊन निघाली.

मग घरातल्या मुलाचं, जिनेशचं लग्न झालं आणि ब्राह्मी सून म्हणून घरात आली. पोरगी हुशार आणि उत्साही. सासूच्या हाताची चव आपल्यालाही यावी, अशी तिची मनापासून इच्छा. तिने मला खाली काढलं, पुसलं, घरभर हिंडून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि सासूला म्हणाली, "आत्ती, मी हे सगळं फोनमधल्या ॲपला वाचायला देते. ते नीट लावून ठेवंल."

ॲप मोठं सभ्य होतं. एकेक चिठ्ठीचा फोटो घेऊन ते शुद्ध भाषेत प्रश्न विचारी.

"'गूळ बघून घालणे' म्हणजे किती ग्रॅम?"

चंदनबाला म्हणाल्या, "बघून म्हंजे बघून. त्याला डोळं न्हाईत व्हय?"

आंबिलीची चिठ्ठी लग्नपत्रिकेच्या मागे होती. ॲपने दोन्ही बाजू एकत्र वाचल्या आणि कृती दिली: 'ज्वारीच्या पिठात ताक घालून सहकुटुंब सहपरिवार ढवळावे. कृपया आहेर आणू नये.' रामगोंडा हसता हसता खाटेवरून खाली आले.

खरी आग लागली ती शेंगदाणे-गुळाच्या शेंगापोळीने. माझ्यात तिच्या दोन चिठ्ठ्या होत्या. एक चंदनबालांची, दुसरी त्यांच्या थोरल्या जाऊबाई अंबूबाईंनी पूर्वी कधीतरी लिहून दिलेली. दोघींची घरं एकाच अंगणात समोरासमोर; पण एका बारशाला अंबूबाई बोलून गेल्या होत्या, "हिची पोळी दाताला चिकटती." तेव्हापासून बोलणं बंद. ब्राह्मीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ॲपला तर नव्हतंच. त्याने पाहिलं, नाव एकच आहे. म्हणून दोन्ही चिठ्ठ्यांची एकच पोळी केली. एकीचे तीळ, दुसरीचं जायफळ आणि दोघींचा मिळून गूळ. वर नाव दिलं, 'चंदनबाला-अंबूबाई शेंगापोळी'. ब्राह्मीने ती कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकली आणि तवा तापवला.

पोळी तव्यावर फुटली. गूळ वाहू लागला, धूर झाला. त्या धुरातूनच अंबूबाई आत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हा उंबरा ओलांडला होता. हातात फोन.

"माज्या पोळीत तीळ कवा गं घातलं मी?"

"आन मी जायफळ कवा घातलं?" चंदनबाला कडाडल्या.

ब्राह्मी रडकुंडीला आली. "चुकलं माझं, थोरल्या आत्ती. त्या फोनने दोन्ही एक केलं."

दोघी जावा एकदम फोनकडे वळल्या. "ह्यानं? आमाला न इचारता?"

मग चिठ्ठ्यांसाठी दोघींचे हात एकदमच माझ्यात आले. अंबूबाईंना स्वतःची चिठ्ठी मिळाली. तेलाने पिवळी पडलेली, तरी घडी न मोडलेली. त्यांनी ती उजेडात धरली.

"ठिवलीस व्हय ही?"

"टाकायची कशाला?" चंदनबाला चुलीकडे बघत म्हणाल्या. "जायफळ मला आवडत न्हाई. पन वास चांगला येतो तुमच्या पोळीला."

अंबूबाईंनी पदर खोचला. "सर बाजूला. तवा लय तापलाय."

त्या दुपारी दोन परातींत दोन सारणं झाली. ब्राह्मी मध्ये बसून दोघींचा गूळ वजनकाट्यावर तोलत होती, आणि दोघी तिला, "आता बग, असा दिसला की पुरं," असं सांगत होत्या. ॲपमध्ये दोन पोळ्या वेगवेगळ्या गेल्या, जिच्या तिच्या नावाने.

मित्रांनो, घरातले कागद जरूर फोनमध्ये ठेवा. माझं पोट आता गंजलं आहे, मी किती दिवस पुरणार? पण ठेवण्याआधी ज्याचं त्याला विचारा आणि मूळ चिठ्ठी फेकू नका. तिच्यावरचा तेलाचा डाग कोणाच्या बोटाचा, हे मला कळतं, फोनला नाही.

तरी त्या ॲपवर माझा राग नाही. जाता जाता अंबूबाईंनी त्याला दरडावून विचारलं, "खरं सांग, दोघींत कुनाची पोळी चांगली?"

ते म्हणालं, "दोन्ही पोळ्यांची आपापली खासियत आहे."

अंबूबाई चंदनबालांकडे वळून म्हणाल्या, "शिकलं गं हे. ह्या घरात नांदंल आता."